डावऱ्या इसमास आतल्या जागेवर उभे केल्यानंतर समोर माणूस मिळणेबाबत

प्रति,
मे. मामलेदारसाहेब,
तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी.

अर्जदार: परशुराम विठू केळुसकर, धंदा पागाने (फेकायच्या जाळ्याने) मासे मारणे, राहणार खालची वाडी, तारकर्ली.

विषय: बेसबॉल नावाच्या खेळात अर्जदारास कौलाने मिळालेली आतली जागा वापरता यावी म्हणून चेंडू झेलण्यासाठी एक इसम सरकारातून मिळणेबाबत.

संदर्भ: गावच्या राखणदार देवाने होळीनंतरच्या रविवारी दिलेला उजवा कौल. (लेखी प्रत मिळत नाही.)

महोदय,

१. मी जन्माने डावरा आहे. लहानपणी अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, माझा डावा हात सुंभाने पाठीशी बांधून मला जेवायला बसवले. शाळेत मास्तरांनी त्याच हातावर छड्या मोडल्या. "त्या हातान देवाक फूल घालू नको, त्या हातान कोणाक पान दिव नको," असे ऐकत मी मोठा झालो. त्या हाताने फक्त पाग टाकायची मुभा होती, कारण मासे तक्रार करत नाहीत. पाग टाकून टाकून हात असा तयार झाला की खाडीच्या या काठावरून मारलेला दगड त्या काठावरच्या कावळ्याला लागतो.

२. आमच्या वाडीतील सांतान फर्नांडिस हा बोटीवर कुक होता. तो दोन वर्षांमागे कायमचा घरी आला तेव्हा पेटीतून एक दांडा, सात हातमोजे आणि एक कातडी चेंडू घेऊन आला. चेंडूत काय भरले आहे ते देव जाणे, पण करवंटीवर पडला तर करवंटी फुटते. हा खेळ अमेरिकन खलाशांकडून शिकलो असे तो सांगतो. साहेबांनी तो पाहिला नसेल म्हणून थोडक्यात लिहितो. कापणी झालेल्या मळ्यात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर जेवायचे चार पाट मांडायचे. मध्ये चेंडू टाकणारा. दांडेवाल्याने घरच्या पाटावर उभे राहून चेंडू मारायचा आणि उजवीकडच्या पहिल्या पाटाकडे पळत सुटायचे, मग दुसरा, तिसरा, आणि परत घरच्या पाटावर. तो पहिल्या पाटावर पोचण्याआधी आतल्या जागेवरच्या, म्हणजे पाटांजवळच्या, गड्याने चेंडू उचलून त्या पाटावरच्या आपल्या माणसाच्या हातात फेकला तर पळणारा बाद. आतली जागा म्हणजे खेळाचा जीव. बाहेरची जागा म्हणजे केवड्याच्या बनाकडे तोंड करून कुर्ल्यांची बिळे मोजायची.

३. मला पहिल्याच दिवशी तिसऱ्या पाटाजवळ, आत, उभे केले होते. चेंडू माझ्याकडे आला आणि मी तो उचलला. पण दांडेवाल्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या अंगाला पहिला पाट येतो. उजव्या हाताच्या माणसाचा डावा पाय आपसूक तिकडे पडतो आणि हात नुसता सुटतो. मला मात्र आधी सगळे अंग गरकन फिरवावे लागते. मी फिरलो. फिरताना माझे कोपर शेजारी उभ्या बाबू खोताच्या जबड्यात बसले, बाबू पाटावर पडला, पाटाचे दोन तुकडे झाले, आणि चेंडू गेला तेव्हा पळणारा केव्हाच पोचून घाम पुसत होता. बाबूने त्यावेळी माझ्या आईचा जो उल्लेख केला तो अर्जात लिहिण्याजोगा नाही.

४. त्यावर सांतान सगळ्यांसमोर म्हणाला, "रे परश्या, तुझो हात बरो आसा, पण तो चुकीच्या खांद्याक लागलेलो आसा. उजव्याक नुसतो हात फिरवूचो लागता. तुका आदी आख्खो परश्या फिरवूचो लागता, मगे हात. तवसर पळणारो पाटार बसान विडी पेटयता." सगळे हसले. मोजेही सगळे डाव्या हातात घालायचे, उजव्यांसाठीच शिवलेले. मी काथ्या भरलेली पिशवी उजव्या हाताला बांधून खेळतो. पहिल्या पाटावर डावरा चालतो, उलट बराच, हे सांतान स्वतः कबूल करतो. पण तिथे त्याचा भाचा रोनाल्ड उभा राहतो. मला केवड्याच्या बनाकडे पाठवण्यात आले. साहेब, हा हात आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी चांगल्या कामाला मागितला होता, आणि अर्ध्या तासात परत केला.

५. केवड्यात उभे राहून मला कळले की दोष हाताचा नसून पळण्याच्या दिशेचा आहे. मळ्याच्या मधोमध, चेंडू टाकणारा उभा राहतो तिथेच, आमच्या राखणदाराचा पाषाण आहे. पळणारे त्याला डाव्या अंगाला ठेवून फिरतात. देवाभोवती असे कोणी फिरते का? असे फिरतात ते मसणात. प्रदक्षिणा सरळ घातली, म्हणजे देव उजव्या अंगाला ठेवून पळाले, की पहिला पाट आतल्या गड्याच्या उजव्या अंगाला येतो, आणि आत डावराच लागतो. मी हे भाई गावकरांना सांगितले. गावचे गाऱ्हाणे देवासमोर तेच घालतात. ते दचकले. म्हणाले, "दोन वर्सां आमी राखणदाराक उलटे फेरे मारतांव? तरीच माझे नारळ गळतत!"

६. होळीनंतरच्या रविवारी भाईंनी पाषाणावर दोन फुले लावून गाऱ्हाणे घातले. "बा देवा राखणदारा, म्हाराजा! ही पोरां तुझ्या भोवती दांडो घेवन धावतत, काय चुकला माकला तर पदरात घे, आणि सरळ धावूचा आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" आम्ही सगळे "होय म्हाराजा!" म्हणालो. सांतान ख्रिस्ती असला तरी राखणदाराला दरवर्षी नारळ देतो, तोही म्हणाला. उजवीकडचे फूल पडले. सांतानने टोपी काढली आणि मला केवड्यातून आत बोलावले.

७. त्यापुढच्या रविवारी वरची वाडी विरुद्ध खालची वाडी असा सामना झाला. त्यात घडलेल्या प्रकारांची जबाबदारी माझ्यावर टाकली जात असल्याने खरी हकीकत देतो. वरच्या वाडीचा महादू चेंडू मारून नव्या दिशेने बरोबर पळाला व पहिल्या पाटावर पोचला. त्याच्या मागचा गडी चेंडू मारून दोन वर्षांच्या सवयीने जुन्या दिशेने सुटला. महादू पुढे निघाला. दोघांचेही डोळे आभाळातल्या चेंडूवर. दुसऱ्या पाटावर दोघे समोरासमोरून आले व डोकी आपटल्याचा आवाज बंदरापर्यंत ऐकू गेला. महादू शुद्धीवर आल्यावर विचारू लागला, "लगीन झाला काय माझा?" त्याचे लग्न होऊन सात वर्षे झाली आहेत.

८. नंतर चेंडू बाबू खोताकडे गेला. बाबू उजवा. आता फिरायची पाळी त्याची. तो गरकन फिरला, तोल गेला, आणि चेंडू उलटा प्रेक्षकांत जाऊन सांतानची बायको इनासिया हिच्या कोकम सरबताच्या मडक्यावर बसला. मडके तिच्या मांडीवर होते. तिने दांडा उचलला आणि बाबूला घरच्या पाटापासून तिसऱ्या पाटापर्यंत बडवत नेले. दिशा मात्र सरळ प्रदक्षिणेचीच ठेवली, हे तिच्या बाजूने नमूद करतो.

९. यानंतर चेंडू माझ्याकडे आला. साहेब, मी फिरलो नाही. उजवा पाय आपसूक पडला, खांदा आपसूक वळला, आणि हात सुटला. असे सुख मला लग्नातही झाले नव्हते. चेंडू सुतासारखा सरळ जाऊन रोनाल्डच्या तोंडात बसला. रोनाल्ड चेंडूवर पडला, पळणारा रोनाल्डवर पडला, म्हणून पळणारा बाद. रोनाल्डच्या जागी बाबू कण्हत उभा राहिला. दुसरा चेंडू त्याचा मोजा फोडून मोज्यासकट गळ्याखालच्या हाडावर बसला. हाड मोडले, पण चेंडू मोज्यातच राहिला. हाही बाद. तिसऱ्या वेळी सांतान स्वतः आला. त्याने चेंडू पोटावर घेतला, दोन्ही हातांनी घट्ट धरला व तसाच मागे कोसळला. बेशुद्धीतही त्याने चेंडू सोडला नाही. आम्ही जिंकलो. मला उचलून घ्यायला मात्र कोणी शिल्लक नव्हते.

१०. संध्याकाळी मी सांतानला बघायला गेलो. तो खाटेवरून म्हणाला, "असो थ्रो मी अमेरिकेच्या बंदरातय बघूक नाय, परश्या. पण थंय पकडणारे पगार घेतत." इनासियाने मला उंबऱ्यावरूनच परत पाठवले. तेव्हापासून गावात पहिल्या पाटावर उभे राहायला कोणी तयार नाही. जुन्या दिशेने खेळावे तर राखणदाराचा कौल मोडतो आणि भाई मोडू देत नाहीत. नव्या दिशेने खेळावे तर माझ्यासमोर माणूस लागतो. वरच्या वाडीत एक जण कबूल झाला होता, पण त्याच्या आईने त्याला मावशीकडे वेंगुर्ल्यास धाडले.

११. अशा रीतीने आयुष्यभर बाहेर ठेवलेला मी आज देवाच्या हुकमाने आत उभा आहे, आणि समोर कोणी नाही. मी रोज संध्याकाळी मळ्यात एकटाच जातो. पाट मांडतो. पहिल्या पाटामागे भाईंचा माड आहे, त्यालाच चेंडू मारतो. माडाची साल गेली. भाईंनी निरोप पाठवला, की कौल तुझ्या बाजूने असला तरी माड माझा आहे. शिवाय माड चेंडू परत टाकत नाही. आपला आपण जाऊन आणावा लागतो, आणि जाताना वाटेत फार विचार येतात.

१२. तरी मेहेरबान साहेबांनी एक इसम दर रविवारी सकाळपुरता तारकर्लीस देण्याचा हुकूम करावा. पट्टेवाला चालेल. कोठडीतला आरोपी असल्यास त्याला आधी विचारावे. सहा महिने सजा की एक रविवार, त्याने निवडावे. उजवा, डावरा, कोणीही चालेल. त्याने पळायचे नाही, वाकायचे नाही, खेळ समजून घेण्याचीही गरज नाही. त्याने फक्त पाटावर उभे राहावे. चेंडू मी त्याच्यापर्यंत आणून घालीन.

आपल्या हुकमाची वाट पाहत आत उभा असलेला,

परशुराम विठू केळुसकर
(सही डाव्या हाताची आहे, ती ग्राह्य धरावी.)

तारकर्ली,
ता. २१ मार्च १९६१

सोबत:
(अ) रोनाल्डचे दात, नग दोन, कागदाच्या पुडीत. पाहून परत करावेत, तो मागतो आहे.
(आ) फुटलेला मोजा.
(इ) कोरा कागद. उभ्या राहणाऱ्या इसमाच्या वारसांची संमती घेण्यासाठी.