जळगडची बदली नवरी

॥ श्री ॥
जळगड, येलदरीच्या पाण्याखाली
रविवार, ता. २४ नोव्हेंबर २०२४

ति. पद्मजाताईस,
राजेश्रीचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले, काळजी नसावी. मुंजाजी कोळ्याने दिलेल्या स्टीलच्या डब्यात घालून हे पत्र पाठवते आहे. रविवारी तो मासळी घेऊन परभणीला येतो, तेव्हा तुझं उत्तर त्याच्याकडेच दे. बॉलपेननेच लिही. दौतीची शाई इथे पाहुण्यासारखी सगळ्या घरात फिरते.

लग्न परवा, शुक्रवारी लागलं. तुझ्या जागी मी उभी राहिले हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एकतर माझ्या तोंडावर शेला होता, आणि नवरदेव आलाच नव्हता. जीवनरावांना सर्दी झाली आहे. पाण्यात राहणाऱ्याला सर्दी कशी होते हे मी विचारलं नाही, नवी सून आहे. त्यांच्याऐवजी लाल कापडात गुंडाळलेली त्यांची तलवार पाटावर उभी केली, तिला मुंडावळ्या बांधल्या आणि मी तिच्या गळ्यात, म्हणजे मुठीत, माळ घातली. खांड्याशी लग्न लावायची यांच्यात जुनी रीत आहे. बापूंनी काठावरून अक्षता टाकल्या, त्या माशांनी खाल्ल्या.

घर मोठं आहे. थोरले महाराज पंचवीस वर्षांपूर्वी वारले, त्यांचं तान्हं पोर त्याच महिन्यात हरवलं, तेव्हापासून महाराजांचे भाऊ भुजंगराव कारभार बघतात. जीवनराव हे त्यांचे चिरंजीव. गादीवर बसायचं तर जमिनीवरची राणी लागते, म्हणून यांना आपल्या माणिकराव पणजोबांनी दिलेला, घरातली थोरली लेक देण्याचा शब्द आठवला. पणजोबांना यांनी बुडताना काढलं नसतं तर आपण दोघीही नसतो, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची? संस्थानं विलीन झाली हे यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. राजघराणं शाकाहारी आहे. शेजाऱ्यांना खात नाही असं म्हणतात.

हिरवा चुडा हातात आहे तोवर इथे श्वास चालतो. चुडा तुझ्या मापाचा, मला सैल होतो. झोपताना दोऱ्याने बांधून घेते. दारातल्या पायरीवर शेवाळ फार आहे, काल घसरले. शेवाळ काढायला एक माणूस आहे, त्याला निरोप दिला आहे.

बापूंना नमस्कार. तुझी माया वरून खाली झिरपत राहो.

तुझी,
राजेश्री


परभणी
रविवार, ता. १ डिसेंबर २०२४

चि. राजेश्रीस,
पद्मजाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. डबा उघडताच खोलीभर मासळीचा वास सुटला, घरमालकीणबाईंनी दोनदा येऊन चौकशी केली. मी विद्यापीठात बियाण्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. दिवसभर ज्वारीचे दाणे ओल्या कागदावर मांडायचे आणि किती उगवले ते मोजायचं. ओल्या कागदाकडे बघितलं की तुझी आठवण येते.

गावात लोक विचारतात, धाकटीचं सासर कुठं? बापू सांगतात, येलदरीलाच. जावई काय करतो विचारलं तर म्हणतात, "पान्यातच हाय." मग लोक समजतात पाटबंधारे खात्यात असेल, आणि चांगलं झालं म्हणतात. बापू खोटं एक अक्षर बोललेले नाहीत.

एक गोष्ट लिहायची राहून गेली होती, ती आज लिहिते. लग्नाच्या दिवशी या नोकरीची मुलाखत होती हे खरं, पण मुलाखतीची तारीख बदलून मिळत होती. मी ती बदलून घेतली नाही. मी भ्याले, राजे. मला पोहता येत नाही, आणि तू म्हणालीस मी जाते, तेव्हा मी एकदाही नाही म्हणाले नाही. रात्री उताणी झोपले की छातीवर पाणी आल्यासारखं वाटतं. पोखर्णीच्या नृसिंहाला जाऊन आले. काय मागावं ते तिथे सुचेना, नुसता नारळ फोडून परत आले.

जीवनरावांची सर्दी कशी आहे? नसली बरी तर घाई नाही, असं माझ्यातर्फे समज.

जपून राहा. माझा राग आला तरी पत्र बंद करू नकोस.

तुझी,
ताई


जळगड
रविवार, ता. १५ डिसेंबर २०२४

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सर्दी अजून आहे. मी जीवनरावांना अद्याप पाहिलेलं नाही, फक्त शिंका ऐकू येतात. प्रत्येक शिंकेला वाड्यातले बुडबुडे हलतात.

शेवाळ काढणाऱ्याचं नाव योगीराज. माझ्या दारातली पायरी त्याने साफ केली. शेवाळ रोज येतं म्हणून तो रोज येतो. पहिल्या दिवशी म्हणाला, जपून चाला, शेवाळ लय बेकार हाय. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी विचारलं की शेवाळाखेरीज दुसरं काही बोलता का, तर खूप विचार करून म्हणाला की गोगलगायी पण असतात. त्याने शिंपल्याचे आकडे करून माझा चुडा मनगटाला घट्ट बसवून दिला. आता दोरा लागत नाही.

इथे बायनाबाई नावाच्या म्हाताऱ्या आहेत, सिलेखान्याच्या, म्हणजे तलवारी ठेवतात त्या खोलीच्या, किल्ल्या त्यांच्याकडे. योगीराज त्यांचा नातू. काल त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या की चूक झाली. खांडेनवमीला त्यांनी सगळ्या तलवारी खाली काढल्या, तेल लावलं, नव्या लाल कापडात बांधल्या, खुंट्या पुसल्या आणि परत टांगताना उजवीकडून सुरुवात करायची ती डावीकडून केली. लग्नाच्या दिवशी पहिल्या खुंटीवरची तलवार आणून पाटावर ठेवली. ती जीवनरावांची नव्हती. दसऱ्याची साफसफाई झाल्यावर वस्तू जागेवर सापडते असं एक तरी घर तुला माहीत आहे का?

ती तलवार हरवलेल्या राजपुत्राची. त्याच्या बारशाला केलेली, पात्यावर नाव कोरलेलं, योगीराज; त्या वर्षी इथे निम्म्या पोरांची नावं तीच ठेवली होती. आणि तो हरवलेला नाही. भुजंगरावांच्या भीतीने बायनाबाईंनी त्याला आपला नातू म्हणून वाढवला आणि शेवाळ काढायला लावला, कारण शेवाळ काढणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही.

मी बघत होते. त्यामुळे मला जरा अवघडल्यासारखं झालं आहे.

वरचेवर लिहीत जा, इथे दुसरं वाचायला काही नाही.

तुझी,
राजेश्री


परभणी
रविवार, ता. २२ डिसेंबर २०२४

चि. राजेश्रीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात शेवाळ फार यायला लागलं, तेव्हाच मला शंका आली. जो माणूस पायरी रोज साफ करतो, त्याच्या कामात काही खोट आहे किंवा मनात काही आहे. थट्टा पुरे.

मुद्दा लिही. हे उघडकीला कधी येणार? आलं की काय होणार? तुला परत यायची वाट आहे का? असेल तर आजच ये. बापूंना मी सांगते.

आणि वाट नसेल तर मी येते. शब्द थोरल्या लेकीचा होता. नवरी मी होते, चुडा माझ्या मापाचा आहे. बाजारातून मी तसाच एक हिरवा चुडा घेऊन ठेवला आहे. कासारीण म्हणाली, लग्न कधी? मी सांगितलं, झालंय.

उत्तर लगेच पाठव. मुंजाजीला चहा दे असं लिहिणार होते, पण तिथे तो कसा देतात कोण जाणे.

काळजीने अर्धी झालेली,
ताई


जळगड
रविवार, ता. ५ जानेवारी २०२५

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस ते सरळ लिहिते. संक्रांतीला दरबार भरेल. तलवार उघडतील, पात्यावरचं नाव वाचतील, आणि मला उखाणा घ्यावा लागेल. मी ज्याचं नाव घेईन तो गादीवर बसेल. मात्र उखाणा खरा हवा. खोटा निघाला तर चुडा पिचतो आणि श्वास तिथेच संपतो. जीवनरावांचं नाव घेतलं तर खोटं, कारण माळ त्यांच्या तलवारीला घातली नाही. योगीराजांचं नाव पद्मजा म्हणून घेतलं तरी खोटं. राहता राहिलं, राजेश्री म्हणून घ्यायचं. आजवर कुठल्याही बदली नवरीने उखाणा घेतलेला नाही, त्यामुळे पाणी ते खरं धरेल की नाही हे बायनाबाईंनाही माहीत नाही.

परत यायची वाट आहे. भोगीच्या आधी चुडा वरच्या घाटावर काढून ठेवायचा आणि घरी जायचं. मग लग्न मोडलं. मग ते शब्दाप्रमाणे थोरलीला मागणार, आणि तलवार उघडली की तिच्या धन्यालाही शोधणार. तू इथे येऊन उपयोग नाही. माळ मी घातली आहे, तुझ्या तोंडून कुठलंही नाव खोटंच पडेल. तेव्हा येऊ नकोस. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

योगीराज म्हणाले, तुमी जावा घरी, माझं काय, मी शेवाळ काढत बसतो. मी त्यांना सांगितलं की मला जायचं नाही. त्यांनी पायरी पुन्हा एकदा पुसली. पायरी स्वच्छच होती.

मला भीती वाटते. तुझ्यावर राग नाही, कधीच नव्हता.

पुढचं पत्र आलं तर बरं, नाही आलं तर बापूंकडे लक्ष दे.

तुझी,
राजेश्री


परभणी
रविवार, ता. १२ जानेवारी २०२५

चि. राजेश्रीस,
आशीर्वाद, जितके आहेत तितके सगळे.

तुझं ऐकायचं की नाही ते थोरली ठरवेल. रजा टाकली आहे.

ताई


जळगड
गुरुवार, ता. १६ जानेवारी २०२५

ति. पद्मजाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी आहे. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

दरबार सकाळी दहाला भरला. जीवनराव नाकाला रुमाल लावून आले, माणूस वाईट वाटला नाही. तलवार उघडली, भुजंगरावांनी स्वतः पातं वाचलं आणि पुन्हा वाचलं. कुणी काही बोलायच्या आत मी उभी राहिले. रात्रभर जुळवून ठेवलेलं सगळं विसरले आणि तोंडाला आलं ते म्हटलं:

"मोठीच्या चुड्यात धाकटीचा हात,
योगीराजांचं नाव घेते राजेश्री, भर दरबारात."

मग मी श्वास घेतला. ताई, त्या एका श्वासाला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. चुडा पिचला नाही.

भुजंगराव म्हणाले की नवरी फसवी आहे, शब्द थोरलीचा होता, हिला परत पाठवा. तेव्हा योगीराज शेवाळाची खरवडणी हातात घेऊन मागच्या रांगेतून पुढे आले. पंचवीस वर्षांत त्यांचा आवाज दरबारात कुणी ऐकला नव्हता. म्हणाले, "तीबी बदली, मीबी बदली. आता कोन कुनाला परत पाठवायलंय?" जीवनराव शिंकले, आणि सगळ्यांत आधी तेच उठून मुजरा करायला गेले. मला वाटतं त्यांना सुटल्यासारखं झालं. भुजंगरावांना सिलेखान्याच्या खुंट्या पुसायचं काम दिलं आहे, बायनाबाईंच्या हाताखाली.

लहानपणापासून तुझे फ्रॉक मला आले, तुझी पुस्तकं आली, तुझी सायकल आली. हे लग्नही तुझ्याच नावावर आलं होतं. पण पाण्याने नाव माझं ऐकलं. मी इथे सुखात आहे आणि मला तुझी फार आठवण येते. दोन्ही खरं आहे.

आता एक वाईट गोष्ट. खरा उखाणा घेतलेला चुडा पुन्हा उतरत नाही, त्यामुळे मला पाण्याबाहेर येता येणार नाही. गळ्याइतक्या पाण्यापर्यंत येता येतं, तोंड वर काढून बोलता येतं, त्याच्या वर नाही. बापूंना हे तू सांग, हळू सांग.

मुंजाजीने मला सगळं सांगितलं. संक्रांतीला दिवस उगवल्यापासून तू बाजारातला चुडा भरून घाटावर होतीस. तुला पोहता येत नाही, आणि तरी कमरेइतक्या पाण्यात दुपारपर्यंत उभी राहिलीस. तो म्हणाला, थंडीने दात वाजत होते, पण बाई हलली नाही. आता भ्याले म्हणून मला पुन्हा लिहू नकोस.

रविवारी मी त्याच घाटाखाली येते. तू कमरेपर्यंत आलीच होतीस. अजून चार पायऱ्या उतर. मी हात धरते.

तुझीच,
राजेश्री