चढावरचा हात

तीर्थस्वरूप अण्णा,

गुडघा दुखत असेल, तेव्हा उठू नकोस. नमस्कार बसल्या जागीच घे.

मी मजेत आहे. दर रविवारी आमचं सायकल मंडळ इथल्या, फ्रान्समधल्या त्रोंसेच्या ओक वृक्षांच्या जंगलाकडेच्या रस्त्यांनी भटकून येतं. चढावर कुणी दमलं, की शेजारच्यानं पाठीवर हात ठेवून त्याला वर न्यायचं, अशी इथली रीत.

या रविवारी मी दमले. निवृत्त पोस्टमन गास्तों यांनी पाठीला हात लावला आणि ते ओरडले, "काय गं, न्याहारीला अख्खा ओक खाल्लास की काय?"

"वय तुमचं झालंय, उगाच वृक्षाला दोष नको," मी म्हटलं, आणि एकदम डोळेच भरून आले. परकरात सायकल शिकताना पाठीवर तुझा हात असायचा. वाऱ्यानं पाणी आलं, असं मी सांगितलं. झाडाचं पान हलत नव्हतं. माथा येईपर्यंत गास्तोंनी हात काढला नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख तू लपवलीस, पण वहिनीनं गुपित फोडलं. 'एवढ्या लांबून कशाला येतेस' हे तुझं पालुपद मला मुखोद्गत आहे. अण्णा, या वेळी नुसतं 'ये' म्हण ना. बॅग भरलेली आहे.

तुझी, बोलावल्याशिवाय न येणारी मानी बहीण,
वैजू