गिऱ्हाईक उठून चाललं की

८ जुलै, मंगळवार
सगळ्यांच्या आधी समोरची अपर्णा आली, पावडर लावून, जशी काही लग्नाले. मीटिंग होती आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सरकारी शाळेत. आमची रीना तिथं दुसरीत; मायबाप कामावर, म्हणून मी आजी गेली. मग दोन साहेब आले. त्यातले भार्गवसाहेब म्हणाले, शिक्षण आता सर्व्हिस आहे, तुम्ही कस्टमर. डिमांड दिसली तर शाळा राहील, नाहीतर मोठ्या सडकेपलीकडच्या शाळेत जोडू. मी तर खुश. चौथीपर्यंत शिकली तेव्हा जमिनीवर बसवत, आज खुर्ची दिली. रीना ती सडक एकटी पार करू शकत नाही, अन् माझे गुडघे असे. पण आता चिंता नाही. गोलबाजारात माझ्याएवढं पक्कं गिऱ्हाईक कोण आहे?

११ जुलै, शुक्रवार
रीनाच्या लता मॅडम घरी आल्या. म्हणे आजी, सोमवारी साहेब परत येतील, सगळ्यांनी जोरात सांगा, शाळा पाहिजे. मॅडम पगारवाल्या, त्यांले बाजार काय समजते. वस्तू आवडली हे दाखवलं की भाव चढला. पाऱ्यातल्या बायांले शिकवून ठेवलं.

१४ जुलै, सोमवार
फार छान झालं. साहेबानं विचारलं, शाळा पाहिजे? मी म्हटलं, नको. छत गळते, नळाले पाणी नाही, ठेवा तुमच्याजवळच. अन् उठली. मागं साऱ्या बाया. हळूहळू चाललो. फाटकापाशी चप्पल नीट केली. आवाज आला नाही. होते असं, काही दुकानदार चार दुकानं पुढं जाऊ देते, मग बोलावते. मॅडमचं तोंड उतरलं होतं. म्हणाल्या, त्यांनी झिरो डिमांड लिहिलं. म्हटलं, लिहू द्या.

१६ जुलै, बुधवार
बोलावणं नाही. माझा पोरगा यशदीप हिंदीत चिडला, अम्मा स्कूल है, भाजी नहीं. त्याले तर वांगे घेतानाही लुटतात. रीना विचारून राहिली, दप्तर भरू का. भर म्हटलं, साहेब भाव पाडून राहिले.

२१ जुलै, सोमवार
शाळेले कुलूप. फाटकासमोरून हळूहळू गेली, परत आली, दिसावी म्हणून. भार्गवसाहेब बाहेरच उभे. शेवटी मीच म्हटलं, बरं भैया, पाहिजे शाळा. छत गळू द्या, पाणी आम्ही घरून देऊ. त्यांनी हात जोडले. म्हणे माताजी, तुमचा फीडबॅक एकदम क्लिअर होता, वर गेला. मी अजून काही बोलली. काय बोलली, आता आठवत नाही. गाडीत बसताना म्हणाले, परत येतो. शुक्रवारी, बाकं न्यायले.