वखारीचा तरुण मालक

८ जानेवारी

नवी वही, नवं घर, नवा नवरा. आणि वय एकसष्ट! धाकटी बहीण म्हणालीच, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. मी म्हटलं, बाशिंग कुठलं बाई, माझ्या गुडघ्यांना गरम पट्टे आहेत.

सकाळी नोंदणी कचेरीत सह्या केल्या आणि दुपारी इथे पोचलो. घर दुमजली, लाकडाच्या वखारीला लागून. वखार ह्यांनी स्वतः उभी केली आणि उभं आयुष्य तिथे घातलं. मग हात थरथरायला लागले, करवतीजवळ जायची धास्ती वाटायला लागली, तेव्हा सगळं मुलाच्या हाती दिलं. घरभर ताज्या भुशाचा वास आहे. जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला तर एक कुसळ लागत नाही. मी जन्मभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. नीट केलेलं काम मला चटकन दिसतं.

मुलगा आणि सून दारात उभे होते. मुलगा मितभाषी, बोलण्याआधी घसा खाकरणारा. मला काय म्हणायचं ते दोघांनी आधीच ठरवलं होतं: मावशी. आवडलं मला. आई म्हणायची सक्ती नाही आणि बाई म्हणण्याचा परकेपणाही नाही. सूनबाई मात्र बडबडी. गिझरचं बटण कसं दोनदा दाबावं लागतं इथपासून सासऱ्यांना चहा किती कडक लागतो इथपर्यंत सगळं तिने मला चपला काढायच्या आत सांगून टाकलं.

आणि हे! माझी लोखंडी ट्रंक हमालाने वाटेत दोनदा टेकवली होती. ती ह्यांनी खांद्यावर टाकली आणि एका दमात जिना चढले. सत्तरी ओलांडलेला माणूस. वरून ओरडले, "अगं, येतेस, की तुलाही उचलून आणू?" सूनबाई खुदकन हसली. मी लाजले. या वयात लाजता येतं, हेच विसरले होते.

१४ जानेवारी

ह्यांच्या ताकदीचं गुपित आज कळलं. दर आठवड्याला एक डॉक्टर घरी येतात. मुलगा त्यांच्या माघारी त्यांना चिरतरुण म्हणतो. गृहस्थ पासष्टीचे आहेत, पण हनुवटीखाली एक सुरकुती असेल तर शपथ.

त्यांचं म्हणणं असं, की म्हातारपण हा आजार नाही, तुटवडा आहे. शरीरातल्या ग्रंथी हार्मोन तयार करतात. वय झालं की ते झरे आटतात. मग स्नायू ढिले पडतात, झोप उडते, मनावर मरगळ येते. आटलं किती ते मोजायचं आणि तेवढंच भरून काढायचं. पहिलं वर्ष ह्यांनी तेवढंच केलं. रक्ताच्या तपासण्या, दंडाला लावायचं जेल, चालणं, वेळेवर झोप. हाताची थरथर गेली. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. पण गेल्या काही महिन्यांपासून ‘पुढचा टप्पा’ सुरू आहे. ते डॉक्टरांचं स्वतःचं मिश्रण, दंडात सुईने टोचायचं, इतर कुठल्याही दुकानात न मिळणारं.

मुलाला तेच खटकतं. जेवताना तो म्हणाला, भरून काढणं वेगळं आणि उतू जाईपर्यंत ओतणं वेगळं. ह्यांनी विचारलं, बापाची तब्येत डोळ्यांत खुपते का रे तुझ्या? हसतच विचारलं. पण मुलगा अर्ध्या जेवणावरून उठला आणि सूनबाई त्याचं ताट घेऊन मागे गेली.

२३ जानेवारी

लग्नासाठी मीच माप घेऊन ह्यांचा शर्ट शिवला होता. आज त्याचं गळ्याचं बटण लागेना. टेप लावली तर मान दीड इंच वाढलेली. मला वाटलं, मीच चुकले. पण माझी मापं चुकत नाहीत. मानेमागे, पांढऱ्या केसांच्या बुडाशी, काळे राठ केस दाटून आले आहेत.

कवळीही बसत नाही म्हणून सकाळपासून आदळआपट चालली होती. शेवटी मी तोंड उघडायला लावलं आणि हिरडीवरून बोट फिरवलं. दात! बोळक्यात नवा दात, टोकदार, आणि त्याच्या शेजारी दुसरा येऊ घातलेला. मी थक्क होऊन बघत राहिले तेवढ्यात ह्यांनी गमतीत बोट चावलं.

रक्त आलं. हे हसले आणि बोट तोंडातच धरून ठेवलं. गंमत म्हणून जेवढा वेळ धरतात, त्याहून जास्त वेळ.

३० जानेवारी

हे आता रोज वखारीत जातात. ओंडका दोघे उचलतात तो एकटे उचलून करवतीच्या पाटावर ठेवतात. मजूर आधी टाळ्या वाजवायचे. आता वाजवत नाहीत.

मुकादम वखारीइतकाच जुना आहे. ह्यांनी पोराला कडेवर घेऊन वखारीत फिरवलेलं त्याने पाहिलंय. आज ह्यांनी त्याला सागाच्या फळ्या कापायला सांगितल्या आणि मुलाने आधी दारांच्या चौकटी संपवायला सांगितल्या. मुकादम बिचारा म्हणाला, छोट्या मालकांना विचारून येतो. ह्यांनी त्याचं मनगट धरलं. नुसतं धरलं, मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला आणि मुकादम गुडघ्यांवर बसला.

घरी येऊन हे म्हणाले, त्याची हाडंच ठिसूळ झालीत, त्यानेही डॉक्टरांना दाखवावं. मग पोटभर जेवले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. मी मनात म्हटलं, बाई, तू या घरात म्यान बघून आलीस, तलवारी कुठे मोजल्यास?

५ फेब्रुवारी

जिन्यावरून पडले. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. हे रात्रभर उशाशी बसून होते. असं माझ्यापाशी कुणी बसलं त्याला वीस वर्षं झाली. पहाटे म्हणाले, मी एकटाच तरुण होऊन काय करू गं? मला सोबत नको?

डॉक्टर म्हणाले, बायकांचं मिश्रण वेगळं असतं, सौम्य असतं. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, वेड लागलंय का तुला, काठी घे आणि गप चाल.

मी दंड पुढे केला.

१९ फेब्रुवारी

पट्टे फेकून दिले! जिना धावत चढते. रात्री गाढ झोप, सकाळी कडकडून भूक. सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नाही. आरशात बघितलं की एक ओळखीची बाई दिसते, फार वर्षांपूर्वी हरवलेली.

आणि वास. काय काय वास येतात! कोणत्या ओंडक्याला वाळवी लागलीय ते मला अंगणातून कळतं. आज सूनबाई शेजारून गेली आणि तिच्या अंगाला एक नवाच वास आला, दुधासारखा, उबदार. मी तिचा हात धरून विचारलं. ती पांढरी पडली. तिला स्वतःला कालच कळलं होतं. नवऱ्यालाही अजून सांगितलं नव्हतं. मी तिला कवटाळलं. दोघी रडलो.

आनंदाच्या भरात मी ह्यांना सांगून टाकलं. वाटलं, आजोबा होणार म्हणून नाचतील. हे बराच वेळ नखांनी मेजाची कड खरवडत राहिले. मग म्हणाले,

"मी मरणारच नाहीये. मग वारस कशाला?"

थट्टा असेल म्हणून मी हसले. ते हसले नाहीत.

२६ फेब्रुवारी

वखारीतल्या कुत्र्याने ह्यांना ओळखायचं सोडलं होतं. ह्यांना पाहिलं की अंग फुगवून गुरगुरायचं. आज दुपारी ह्यांनी दोन्ही हातांनी त्याचा जबडा धरला आणि फाकवला.

सूनबाई किंचाळत आत पळाली. मजूर घरी गेले ते परत आले नाहीत. मुकादम तेवढा राहिला.

मी खिडकीतून हलले नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं – उशिरा. आधी तोंडाला पाणी सुटलं होतं.

हे लिहिताना हात कापत नाही, याचीच भीती वाटते.

२ मार्च

मुलाने जेवताना सांगितलं. एवढं बोलताना त्याला मी पहिल्यांदाच ऐकलं. बाबा, हे आता बंद करायचं. डॉक्टर या दारात पुन्हा आले तर मी पोलिसांत जाईन. मला वखार नको, घर नको, मला माझे बाबा परत हवेत.

ह्यांनी खुर्ची उचलली. पहिल्या घावात खुर्चीचा पाय तुटला, दुसऱ्यात मुलाचा जबडा. तो खाली पडल्यावरही थांबले नाहीत. सूनबाई माझ्या दंडाला लोंबकळत होती, मावशी, आवरा त्यांना, तुमचंच ऐकतील –

मी तिला झटकलं. ती भिंतीवर आपटली.

मग मी ह्यांना मागे ओढलं. खरंच ओढलं, मला जमलं. पण आधी तिला झटकलं. तसं का केलं, मला माहीत नाही.

मुलाने इस्पितळात, ‘पडलो’ असं सांगितलं. सख्ख्या बापाचं नाव कसं घेणार?

६ मार्च

इंजेक्शन घ्यायचं नाही असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी भिंती चावाव्याशा वाटल्या. उशी फाडली. घरात शेवटची कुपी उरली होती. घेतलं.

मुलाने इस्पितळातून चिठ्ठी लिहून कळवलंय – त्याचा जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. उद्या तो डॉक्टरांना घेऊन येणार आहे. हळूहळू मात्रा कमी करत सोडवता येतं, असं डॉक्टर आता म्हणतात. आवाज घाबरलेला होता म्हणे. सूनबाईही येणार.

तिने नको यायला. मी फोन करून सांगितलं, तू येऊ नकोस. ती म्हणाली, मावशी, तुम्हाला एकटीला त्या घरात कशी सोडू?

७ मार्च, दुपार

डॉक्टर मेले.

बाहेरच्या खोलीत. चहाचे कप तसेच भरलेले आहेत. त्यांनी बॅग उघडली, आज अर्धीच मात्रा, असं म्हणाले. ह्यांनी त्यांचे केस धरले आणि डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटलं. एकदा. दोनदा. मग मोजलं नाही. चौकट ह्यांनीच घडवलेली, सागाची, तिला काही झालं नाही.

मुलगा मध्ये पडला. हे त्याला फरफटत वखारीत घेऊन गेले. सूनबाईला मी वर ढकललं.

आणि मग त्यांच्यामागे धावायच्या आधी – खरं लिहिते – मी आधी बॅग उघडली. माझी कुपी शोधली. डॉक्टरांचा हात तिच्यावर होता, बोटं सरळ करावी लागली. टोचून घेतलं. मग धावले.

करवत सुरू होती. हे मुलाला पाटावर दाबून धरत होते. भुशात रक्त. तारांनी बांधलेल्या तोंडातून तो काहीतरी म्हणत होता, बाबा असावं. मुकादम प्लास्टरच्या हाताने विजेचा मुख्य खटका ओढायला धडपडत होता.

अहो, म्हणून हाक मारली. त्यांनी वळून बघितलं. क्षणभर – ट्रंक उचलणारा माणूस दिसला.

भिंतीला पहार होती.

७ मार्च, नंतर

मुकादम मुलाला घेऊन इस्पितळात गेला. जिवंत आहे. उजवा हात नाही, पण जिवंत आहे.

पोलीस येतायत.

ह्यांना मारायला एक घाव पुरला असता. मी – मी थांबले नाही. थांबता येत होतं. गाणं म्हटल्यासारखं वाटत होतं.

सूनबाई वरच्या खोलीत आहे. कडी लावून घे म्हटलं. कुणीही सांगितलं तरी उघडू नकोस. मी सांगितलं तरी.

दाराला पाठ लावून बसलेय. पेन्सिल दोनदा मोडली.

वास येतो. दुधासारखा. फटीतून येतो. नाक दाबलं तरी येतो.

ठोके ऐकू येतात. एक तिचा. आणि एक बारीक, घाईघाईचा. अजून ऐकू येऊ नये एवढा बारीक. मला येतो.

माझं पोर नाही ते. माझं कुणीच – नाही, हे मी लिहिलं नाही. हात लिहितोय –

पोलीस कुठे –

ती आतून विचारतेय, मावशी, तुम्ही रडताय का? मी रडत नाहीये. तो आवाज रडण्याचा नाही.

तुम्हाला लागलंय, म्हणते. जिन्यावर रक्त पाहिलं, म्हणते. पट्टी आहे माझ्याजवळ. फक्त हात बाहेर काढते, मावशी.

नको म्हण. मोठ्याने नको म्हण. शब्द तोंडात येतो पण दात –

कडी वाजली. बाळा, नको उघ–