कॉलरची लाइन आणि माझा प्रेमळ स्वभाव

३ मार्च, रविवार
आजपासून ढाक्याजवळच्या आशुलियाच्या शर्ट फॅक्टरीत मी, इद्रिस अली, फ्लोअर इन-चार्ज. संकल्प: कोणावरही हात उगारायचा नाही. मुली मला थोरल्या भावासारखं मानतात. परदेशी पेपरवाले पिळवणूक, पिळवणूक म्हणतात. फॅक्टरी नसती तर याच मुली उन्हात खडीसाठी विटा फोडत बसल्या असत्या, ते कोण छापणार?

६ मार्च
टार्गेट तासाला १२० कॉलर. कॉलर शिवणाऱ्या मोर्शेदाने दुसऱ्यांदा बाथरूमला जाऊ का विचारलं. नाही म्हटलं. म्हणाली, "सर, मशीनलासुद्धा मध्ये थांबवून तेल घालता, मी तर माणूस आहे." मी कॉलरचा गठ्ठा भिरकावला. हात उगारला नाही. आत कात्री होती, मला काय माहीत? भुवईवर पाच टाके. रक्त मशीनवर, अकरा कॉलर बाद. कापूस मी स्वतः धरला.

९ मार्च
परदेशी खरेदीदाराच्या बाई तपासणीला. मोर्शेदाला पढवलं होतं, बाथरूममध्ये पाय घसरला म्हण. म्हणाली. बाईंनी विचारलं, कधी?
"तेच आठवत नाही मॅडम. आम्हाला बाथरूमला सोडतात कुठे?"
अख्खी लाइन हसली. शिस्त कमी पडतेय.

१० मार्च
सगळ्यांच्या भल्यासाठी मोर्शेदाला काढून टाकलं. सहा वर्षांची कामगार. फार वाईट वाटलं. खिचडी दोनदाच घेतली.

११ मार्च, सकाळी ८
गेटवर तीनेकशे मुली. मोर्शेदाला परत घ्या म्हणतात. मी दोन शब्द बोललो की मशीनवर बसतील. गार्डना काठ्या दिल्यात, नुसत्या दाखवायला.

१३ मार्च, हॉस्पिटल
गार्डने काठी दाखवली ती थेट मोर्शेदाच्याच लाइनमधल्या जोरिनाच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग गेट पडलं. मला खाली पाडून स्टुलांनी हाणलं. जबडा, तीन बरगड्या, चार दात. शेवटी मोर्शेदा माझ्यावर आडवी पडली. "बास. सोडा त्याला." माया असते हो.

१४ मार्च
मालकांचं पत्र. मारहाण हा माझा वैयक्तिक स्वभाव, कंपनीचा संबंध नाही. नोकरी गेली. मोर्शेदाला परत घेतलं.
ती जोरिनाला बघायला आली होती, इकडेही डोकावली. मी चिठ्ठीवर विचारलं, मला का वाचवलंस?
"तुम्ही मेला असतात तर फॅक्टरीला टाळं लागलं असतं. मग आम्ही कुठे जायचं?"
नवा इन-चार्ज कसा आहे, तेही विचारलं.
"तुमच्यासारखाच."
ऐकून बरं वाटलं. जबडा तारेने बांधलाय, नाहीतर थँक्यू म्हणालो असतो.