घोडे सांभाळणारा

अल्बुकर्की, रविवार

प्रिय ताई,

लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला, रागावू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, हिरव्या मिरचीचा रस्सा रोज ओरपतो.

इथली पोरं आपला फाशांचा खेळ, प्रत्येकाने एकेक योद्धा बनून खेळायचा तो, नव्या नियमांनी खेळतात. योद्ध्यांच्या जखमा रातोरात भरतात, ते आवडलं. पण कुणी मरतच नाही, मग फासा पडताना श्वास कोण रोखणार? तू खेळ चालवायचीस, तेव्हा तुझ्या टेबलाशी घाबरायचो, तेच बरं होतं. उगाच निघून आलो.

गैरहजर खेळाडूचा योद्धा घोडे सांभाळतो, ही आपली रीत. माझा बुटका योद्धा अजून तबेल्यातच आहे ना? काढून तर नाही टाकलास?

थांब, दार वाजलं.

अगं, बाबा! या खेळाला पोरखेळ म्हणणारे आपले बाबा! म्हणतात, "ताईच्या टेबलाशी तुझ्या खुर्चीत बसून घोडे सांभाळून कंटाळलो, पोरा. चल घरी."

तुझा,
नेल्स