रांगेलचा पाणवठा

३ जून, मंगळवार
आईची कंबर पुन्हा धरली आहे. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड बिघडलंय, जुन्या पाणवठ्याचं पाणी बंद करा. ऐकेल ती आई कसली! मेयर बोझिलने चौकात बसवलेला नवा नळ वर्षभर नुसता उभा आहे. पाणी स्वच्छ, पण पीत कुणीच नाही. आता राजधानी सोफियाहून रालित्सा नावाची मुलगी आली आहे — मानवशास्त्र शिकलेली. गाव असं का वागतं, ते शोधणार म्हणे.

५ जून
ती काही विचारतच नाही. पाणवठ्यापाशी बायकांबरोबर शेंगा सोलत बसते.

७ जून, मृतांचा शनिवार
कबरींवर मेणबत्त्या लावून परतताना तिने आईला विचारलं, "आजी, पाणी पिताना काय पुटपुटता?"

"देव रांगेलला क्षमा करो, म्हणते. माझा थोरला. खाणीत गेला. त्याच्या बापाने त्याचं नाव कोरून हा पाणवठा बांधला. जो पितो, तो नाव घेतो."

"मग नव्या नळावर?"

"तिथल्या पाटीवर बोझिलचं नाव आहे ना पोरी! तो तर जिवंत, आणि हे म्हणायचं मेलेल्यासाठी. धडधाकट माणसाला आम्हीच मातीत घालायचं? नातवंडं आहेत त्याला."

म्हणजे मेयरच्या मायेपोटी सगळं गाव खराब पाणी पितंय! मला हसू आलं.

मग रालित्सा माझ्याकडे वळली. "काका, तुम्हाला इथे पिताना पाहिलं नाही."

तहान नसते, म्हणालो. खोटं बोललो. त्या दिवशी खाणीतली पाळी माझी होती. मला ताप होता, म्हणून दादा गेला.

१० जून
रालित्साने हे सांगितल्यावर बोझिलने छातीवर तीनदा क्रूस काढला आणि स्वतःच पाटी उखडली. "मला वाटायचं, गाव माझ्यावर रुसलंय!"

रांगेलच्या नावाचा दगड नव्या नळावर लावू, असं रालित्सा म्हणाली. आई अडून बसली. "त्याच्या बापाने जिथे लावला, तिथेच राहील. मी पिणार, तेही तिथलंच."

१३ जून
रालित्सा आईला एवढंच म्हणाली, "आजी, इथे पाणी भरायला तुम्ही सहा जणीच येता. चौकात शाळेची मुलं असतात, तीही रांगेलचं नाव घेतील."



१४ जून
सकाळी आई मला म्हणाली, "दगड न्या. पण तो उचलशील तू."

१५ जून, रविवार
काल दगड मीच नेऊन नळावर बसवला. आज चर्चची घंटा वाजवण्याचं माझं रविवारचं काम आटपून चौकात गेलो. आई नळापाशी भांडं धरून उभी. भरलेलं. तिने ते माझ्यापुढे केलं. "आधी तू."

दादा गेल्यावर एकतीस वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या नावाचं पाणी प्यालो. दादाचं नाव घेतलं. मग ती प्याली.